शेवटचा भाजक

हस्त बहाराची डाळिंबं हातगाड्यांवर दिसायला लागली की मी बारामतीच्या मंडईकडे जायचं टाळतो. भाजीला बायकोला पाठवतो आणि गुडघ्याचं कारण सांगतो. गुडघा दुखतो हे खरंच आहे, पण तो बाराही महिने दुखतो. फेब्रुवारी उतरणीला लागलेला असतो, दहावीची परीक्षा तोंडावर आलेली असते, शेजारची मुलं गच्चीवर येरझाऱ्या घालत प्रमेयं पाठ करत असतात, आणि खाली रस्त्यावर एखादा गाडीवाला डाळिंब मधोमध फोडून दाण्यांची बाजू गिऱ्हाइकाकडे करून ठेवतो. तो लाल रंग दिसला की मला सलीम आठवतो, आणि सलीम आठवला की एक दहा अंकी संख्या आठवते. मित्राची आठवण यावी तर अशी, आकड्यांत! पण गणिताच्या मास्तरला दुसरं काय सुचणार.

सलीम आता नाही. काही वर्षांपूर्वीच्या हस्त बहारात, बागेची तोडणी संपता संपता तो गेला.

तो आणि मी बारामतीच्या कॉलेजात एका बाकावर बसून गणितात बीएस्सी झालो. मी हायस्कुलात लागलो आणि केस पिकेपर्यंत तिथेच खडू झिजवले. त्याचे वडील लवकर गेले, म्हणून तो निमगाव केतकीतल्या फळांच्या दुकानात बसला. पुढे कळसला जमीन घेऊन डाळिंबाची बाग लावली. गिऱ्हाईक नसलं की पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काहीतरी आकडेमोड करत बसायचा. लोकांना वाटायचं, शेठ नफा-तोटा मांडतोय. तो बिचारा कुठल्यातरी संख्येचे अवयव पाडत असायचा. आठवडी बाजाराच्या दिवशी मी गेलो की हाक ठरलेली, "ये मास्तर. एक डाळिंब खा आन् एक गणित घाल."

ती दहा अंकी संख्या आम्हाला कॉलेजात भेटली. आमच्या सरांनी फळ्यावर चौकोन आखले होते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दर घराला दुप्पट. एकतीस घरं भरली की सगळ्या दाण्यांची बेरीज होते दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. एवढा डोंगर, पण तो कितीही जणांत वाटा, सारखा वाटला जात नाही. सगळा एकट्यानं घ्या, नाहीतर एकेकाला एकेक दाणा द्या. अधलंमधलं काही जमत नाही. अशा संख्येला आपण मूळ संख्या म्हणतो. दुपटीच्या सगळ्याच ढिगांचं असं नसतं. अकरा घरांचा ढीग दोन हजार सत्तेचाळीसचा, तो तेवीस जणांत गुण्यागोविंदानं वाटला जातो, प्रत्येकी एकोणनव्वद. एकतीस घरांचा मात्र हट्टी. अडीचशे वर्षांपूर्वी एका गणितज्ञानं, डोळे जवळजवळ गेलेले असताना, हा ढीग वाटला जात नाही हे सिद्ध केलं, आणि त्यानंतर पिढ्यान् पिढ्या माणसाला ठाऊक असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या हीच होती. सरांनी हे सांगितलं तेव्हा सलीम माझ्या कानात कुजबुजला होता, "एकदा आपुन हातानं करून बघू." मग परीक्षा आल्या, नोकरी आली, लग्नं झाली, बाग आली. राहूनच गेलं.

साखरेनं सलीमची मूत्रपिंडं खाल्ली. बारामतीच्या एका दवाखान्यात आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. पहिले काही आठवडे तो मुकाट आला. मग एक दिवस जरीनाभाभी, त्याची बायको, माझ्या दारात उभी. पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "भाऊजी, हे आता जायाचं न्हाय म्हणत्यात. डॉक्टर म्हणलं, न्हाय आलं तर आठ-पंधरा दिस. माझं ऐकत न्हाईत, पोरांचं ऐकत न्हाईत. तुमी या."

मी कळसला गेलो तेव्हा बागेचा ताण चालू होता. हस्त बहार धरायचा तर पावसाळा ओसरता ओसरता झाडांचं पाणी तोडतात. झाड तहानेनं कासावीस होतं, पानं टाकतं, आणि मग पाणी सोडलं की फुलांनी भरून येतं. सलीम त्या उघड्या काटेरी झाडांपाशी खुर्ची टाकून बसला होता. पाय सुजलेले, ओठांना पापुद्रे.

"बघ मास्तर," तो म्हणाला, "बागंला ताण दिलाय आन् मला बी. दिवसाला दोन पेलं पाणी. फरक एवढाच, बागंचा ताण तोडायचा दिवस ठरल्याला हाय."

"दवाखान्यात का येत नाहीस?"

"कशाला येऊ? चार तास तितं पडायचं, घरी येऊन पुन्यांदा पडायचं. मधल्या दिवशी जरा उठून बसतोय, तवर गाडी दारात. ह्याला जगणं म्हणत्यात व्हय?"

वर्गात उत्तर येत नसलं की मी उलट प्रश्न विचारायचो. ती खोड कामाला आली. म्हटलं, "एकतीस घरांची बेरीज आठवते का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि दोनशे चौदा कोटींपासून सत्तेचाळीसपर्यंत न अडखळता म्हणून दाखवली.

"ती मूळ आहे, हे हातानं करून बघायचं राहिलंय. दर खेपेला एक भाजक. तू भागायचंस, मी पाटी धरायची."

"मोबाईलला इचार की. पापणी लवायच्या आत सांगंल."

"सांगेल. पण तुला बघायचं होतं ना?"

तो धंदेवाल्यासारखा सरळ मुद्द्यावर आला. "भाजक किती?"

"ऐंशीच्या घरात."

"म्हंजी बहार उतरस्तोवर." तो झाडांकडे बघत होता. "आन् संपल्यावर?"

"संपल्यावर तू म्हणशील तसं. मग मी आग्रह करणार नाही."

"शब्द दे."

मी दिला. दुसरं काय करणार? त्या क्षणी मला सहा-सात महिने दिसत होते, आणि सहा-सात महिने म्हणजे मला जन्मभराची शाश्वती वाटली. जरीनाभाभी घराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिला भागाकारातलं फारसं कळत नव्हतं, पण या दोघांचं काहीतरी ठरलंय आणि ते संपेपर्यंत नवरा दवाखान्यात जाणार, एवढं तिला चोख समजलं. तिनं ताबडतोब चहा टाकला, सलीमला अर्धाच कप.

आता कुणी म्हणेल, दोनशे चौदा कोटींच्या संख्येला ऐंशीच भाजक कसे पुरतील? ही त्या संख्येची थोरवी. तिला भाग जायचाच असेल तर ऐऱ्यागैऱ्या संख्येनं जाणार नाही. त्या भाजकाला बासष्टनं भागल्यावर एक उरला पाहिजे. आठानं भागल्यावर एक किंवा सात उरले पाहिजेत. तो स्वतःही मूळ पाहिजे. आणि सेहेचाळीस हजारांच्या थोडं पुढपर्यंतच बघायचं, कारण त्याहून मोठा भाजक असला तर त्याचा जोडीदार अलीकडेच सापडायला हवा. सलीम म्हणाला, "म्हंजी आमच्यागतच. आधी बारका माल चाळून टाकायचा, मग डाग बघायचा, उरल्यालं तेवढं पेटीत."

पहिला भाजक आला तीनशे अकरा. सलीमच्या डाव्या हातात सुया, नळ्यांतून रक्त मशिनीकडे जातंय आणि परत येतंय. उजव्या हातात पाटीवरची पेन्सिल. मी स्टुलावर बसून पाटी तिरकी धरलेली. बाकी आली पस्तीस. सलीमनं ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "हितं न्हाय गेला." परीक्षेत नापास झालेला पोरगा एवढा खूश मी कधी पाहिला नव्हता. पुढं एक हजार तीनशे तीन, बाकी दोनशे सव्वीस. मग एक हजार चारशे एकोणनव्वद, बाकी एकशे नव्याण्णव. तिथली सिस्टर बावडा गावची होती, फार बोलकी. पाटीची धूळ नको म्हणून तिनं ओलं फडकं आणून दिलं होतं, आणि सुई टोचता टोचता विचारायची, "काका, आज कितीनं भागायचं?" शेजारच्या खाटेवरची माणसंही मान वळवून ऐकायची, आणि सलीमनं 'न्हाय गेला' म्हटलं की तीही हसायची. काय गेलं नाही हे त्यांना कुठं ठाऊक होतं!

ऑक्टोबरात बागेला पाणी सोडलं. मी एका रविवारी गेलो तर झाडं लालभडक कळ्यांनी लगडलेली, मधमाश्यांचा नुसता गुंजारव. सलीम एकेका फांदीशी थांबत होता. नोव्हेंबरात साखर कारखाने सुरू झाले. बारामतीच्या वाटेवर लासुर्ण्याच्या अलीकडे-पलीकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागायची, त्याची गाडी अडकायची, तो उशिरा पोचायचा आणि आल्या आल्या ट्रॅक्टरवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. मळीचा वास दवाखान्याच्या खिडकीपर्यंत यायचा. फळं लिंबाएवढी झाली, मग मुठीएवढी. भाजक पाच आकडी झाले. बाक्याही मोठ्या यायला लागल्या.

आज मागं वळून बघताना वाटतं, ते सहा-सात महिने आम्ही सुखात होतो. हे लिहायला मला लाज वाटत नाही. एका माणसाचं रक्त मशीन धूत होतं, आणि त्याच्या उशाशी बसून मी शाळकरी पोरासारखा पुढच्या अंकाची वाट बघत होतो. फक्त एका गोष्टीनं जीव तुटायचा. सलीमला डाळिंब वर्ज्य होतं. त्या आजारात ते चालत नाही, काळजावर येतं म्हणतात. ज्यानं उभा जन्म डाळिंबाच्या सालीवर टिचकी मारून आतला दाणा ओळखला, त्याच्या स्वतःच्या बागेतलं फळ त्याच्या तोंडी लागत नव्हतं. एकदा मी न राहवून म्हटलं, "सलीम, चार दाण्यांनी काय होतंय?" तर तो म्हणाला, "चारावर कोण थांबतंय? दुप्पट, दुप्पट करत एकतिसाव्या घरात जाईन मी."

संक्रांत होऊन गेल्यावरची गोष्ट. त्या दिवशी त्याचा रक्तदाब फार खाली गेला होता. सिस्टरनं पाय उंच केले, खाट आडवी केली. मी म्हटलं, आज राहू दे. त्यानं ऐकलं नाही. निजल्या निजल्याच भागत गेला, आणि शेवटची वजाबाकी झाल्यावर पेन्सिल छातीवर ठेवून म्हणाला, "मास्तर, शून्य."

मी पाटीवर वाकून पाहिलं. खरंच शून्य.

"गेला भाग," तो म्हणाला. "म्हंजी ही मूळ न्हाय. म्हंजी पुढचं करायचं कारण न्हाय. सुटलो की रं मी."

"अरे, अडीचशे वर्षांपूर्वी सिद्ध झालेलं आहे..."

"मला ठावं न्हाय व्हय? चूक माझीच हाय. पन आजच्या दिवस ऱ्हाऊ दे की तशी."

तो हे अगदी शांतपणे म्हणाला. तोवर मला वाटत होतं की भागाकाराच्या नादात तो दवाखाना सोडायचं विसरलाय. तो काहीच विसरला नव्हता. तो रोज मोजत होता. मी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून चूक शोधायला लागलो. तिसऱ्या वजाबाकीत सापडली. आलेल्या आकड्यात त्यानं एक जास्तीचा लिहिला होता. सलीमच्या दुकानात फळं तोलून झाली की वर एक ठेवायची रीत, थेट वडलांपासूनची. 'वर एक' पडल्याशिवाय पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात जायची नाही. डोकं ठिकाणावर नसताना हातानं आपली सवय पुरी केली होती, आणि त्या एकानं खालचं सगळं बदलून शेवटी शून्य आणलं होतं.

मी दाखवलं. तो बघत राहिला आणि मग हसला, खोकला येईपर्यंत हसला. "खोड रं ही धंद्याची. द्यायचं म्हणलं की वर एक जातोयच हातनं. पूस, मास्तर."

मी पुसली. मला आनंद झाला होता, तो लपवण्यात अर्थ नाही. आणि त्याच वेळी मला त्याची दया येत होती. हे दोन्ही एकाच वेळी कसं होतं, त्याचं सूत्र मला अजून सापडलेलं नाही.

तोडणी सुरू झाली तेव्हा उरलेले भाजक हाताच्या बोटांवर आले होते. बागेत पेट्या भरत होत्या, बायका फळं पुसून कागदात गुंडाळत होत्या. रमजानही त्याच दिवसांत आला. जन्मात पहिल्यांदा त्याला रोजे धरता आले नाहीत. म्हणाला, "माझा रोजा बाराही महिने चालूच हाय. इफ्तारी तेवढी न्हाय." जरीनाभाभी तोंड फिरवून आत गेली. मी रात्र रात्र जागा राहून एक युक्ती काढली होती, ती त्याच्यापुढे मांडली.

"सलीम, एकसष्ट घरांची बेरीज आहे ना, तीही मूळ आहे."

"आसंल. तिला भाजक किती?"

"काही लाख."

"काही लाख खेपा!" त्यानं माझ्या गुडघ्यावर थाप मारली, दुखऱ्याच. "येवढं आयुष्य घिऊन कोण आलंय? उगं मला गुतवू नगंस."

आणि शेवटचा आला. पंचेचाळीस हजार नऊशे त्रेचाळीस. त्याच्यापुढे सेहेचाळीस हजारांच्या त्या हद्दीपर्यंत दुसरा कुणी चाळणीत उरत नाही. मी कितीदा तपासलं ते सांगत नाही. त्या दिवशी सलीमला पेन्सिल धरवत नव्हती. मी लिहीत होतो, तो डोळे मिटून अंक सांगत होता. चार. सहा. सात. चार. दोन. शेवटची वजाबाकी मी मांडली, बाकी डोळ्यांसमोर आली, आणि मी ओलं फडकं उचलून ती पुसून टाकली.

"चुकलं कुठंतरी," मी म्हटलं. "परवा परत करू."

त्यानं डोळे उघडले. "कुठं चुकलं?"

"घरी जाऊन बघतो."

"बघ," तो म्हणाला. "सावकाश बघ."

तो परवा आला. पुन्हा तेच पाच अंक, पुन्हा मी फडकं फिरवलं, पुन्हा चुकलं म्हणालो. जरीनाभाभी दाराशी उभी होती. ती चटकन म्हणाली, "आसू द्या, भाऊजी. फुडच्या टायमाला नीट हुईल." तिच्याकडे बघायचं मला धाडस झालं नाही.

त्याच्या पुढच्या वेळी सलीमनं माझ्या हातून पेन्सिल मागून घेतली. बोटांत ती नीट बसेना, म्हणून मुठीत धरली. मी मांडलेले वरचे अंक त्यानं तसेच ठेवले. शेवटच्या रेघेखाली मात्र त्यानंच लिहिलं, मोठमोठ्या वाकड्या आकड्यांत: पंधरा हजार नऊशे एक्केचाळीस. मग दुसरा हात, सुयांचा, तसाच अलगद सरकवून फडक्यावर ठेवला.

"मास्तर, येवढी पोरं शिकवलीस, पन तुला चुकाया काय येत न्हाय," तो म्हणाला. "दोन डाव तुज्यासाठी आलो. आता सांग, बरूबर हाय का न्हाय?"

मशीन चालू होती. सिस्टर पलीकडच्या खाटेपाशी गेली होती, आणि जरीनाभाभी आमच्याकडे बघत होती. मी म्हणालो असतो 'चूक', तर तो पुन्हा आला असता, हे मला ठाऊक होतं. मित्रासाठी तो आणखी किती वेळा आला असता, ते मात्र मला ठाऊक नव्हतं. त्याच्या पायांची सूज चादरीखालून दिसत होती.

मी पेन्सिल घेतली आणि त्याच्या उत्तराशेजारी बरोबरची खूण केली.